सौर वादळ आलं की आपल्या डोक्यावरच्या हवेत काय होतं ते महाराष्ट्रात बसून कसं बघायचं

मी जमीन मोजणीच्या कामातला माणूस, रोव्हर (सॅटेलाइटवरून जागा मोजणारं फिरतं यंत्र) खांद्यावर टाकून फिरणारा, त्यामुळे या विषयात शिरलो तो आकाश बघायच्या हौसेपायी नाही तर रोव्हरला फिक्स, म्हणजे सेंटीमीटरपर्यंतची पक्की जागा, मिळेना म्हणून. २०२४ च्या मार्चमध्ये एका रस्त्याचं काम होतं, दिवसा ऊन आणि ट्रॅफिक म्हणून आम्ही संध्याकाळी मोजायचो, आणि साडेसात-आठ वाजले की रोव्हर फ्लोटवर, म्हणजे कच्च्या अंदाजावर, जाऊन बसायचा. उघडं माळरान, वर झाड नाही की तार नाही, पंचवीस सॅटेलाइट दिसतायत आणि तरी फिक्स नाही. सिमकार्ड बदललं, अँटेना बदलला, बेस (रोव्हरला दुरुस्ती पाठवणारं एका जागी ठेवलेलं यंत्र) हलवून बघितला, शेवटी एका जुन्या सर्व्हेअर काकांनी सांगितलं की अरे मशीन बरोबर आहे, वरचं आयनोस्फिअर, म्हणजे उंचावरच्या हवेतला विद्युतभारित थर, खवळलंय. तिथून वाचायला लागलो ते अजून चालूच आहे.

मग दोन महिन्यांनी, १० मे २०२४ च्या रात्री, ते मोठं वादळ आलं. कॅनडातल्या मावसभावाने अंगणातून काढलेले गुलाबी-हिरव्या आकाशाचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, आपल्याकडे का नाही दिसलं? दिसलं नाही हे खरं, पण झालं नाही असं नाही. त्या रात्री आपल्या डोक्यावरची हवासुद्धा तापली, फुगली, तिच्यातली वीज इकडची तिकडे झाली. फक्त महाराष्ट्रातून हे डोळ्यांनी बघायचं नसतं, आकड्यांत आणि सिग्नलमध्ये बघायचं असतं. आणि त्यासाठी लागतो एक मोबाईल, नेट आणि थोडी चिकाटी. कसं ते सांगतो, माझी पद्धत सूर्याकडून खाली जमिनीकडे यायची आहे, तुम्हीही तोच क्रम ठेवा, मधूनच सुरू केलं की गोंधळ होतो.

पहिलं म्हणजे तीन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या करा, कारण बातम्यांमध्ये सगळ्याला सरसकट सौर वादळ म्हणतात. सूर्यावर स्फोट झाला की आधी येतो प्रकाश, म्हणजे क्ष-किरण, ते आठ मिनिटांत पोचतात आणि पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस आहे फक्त तिथेच काम करतात, आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा थर अचानक दाट होतो आणि शॉर्टवेव्ह रेडिओ गप्प होतो, तासाभरात परत येतो. याला फ्लेअर म्हणायचं. दुसरे जोरात धावणारे प्रोटॉन, त्यांचा त्रास मुख्यतः ध्रुवांकडे आणि अवकाशातल्या यंत्रांना. आणि तिसरं आपलं खरं गिऱ्हाईक, सूर्यातून सुटलेला विद्युतभारित वायूचा प्रचंड ढग, त्याला सीएमई म्हणतात, तो सौर वाऱ्यातून वाट काढत एक ते तीन दिवसांनी पोचतो. म्हणजे फ्लेअरची बातमी आज आली तर वादळ उद्या-परवा, आणि तेही ढग आपल्या दिशेने सुटला असेल तरच. एक्स क्लास, म्हणजे सगळ्यात मोठ्या दर्जाचा, फ्लेअर झाला म्हणून त्याच रात्री गच्चीवर जाऊन बसणारे मी पाहिलेत, त्यांना वाईट वाटतं म्हणून आधीच सांगतोय.

त्या मे महिन्यात सूर्यावर १३६६४ नंबरचा डागांचा समूह होता, पृथ्वीच्या साधारण १५ पट रुंद, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांना दिसत होता. त्यातून दोन-तीन दिवसांत एकामागून एक ढग सुटले आणि मागच्याने पुढच्याला वाटेत गाठलं, म्हणून तो मारा एवढा जबर झाला. अमेरिकेच्या स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटरने जी४ चा इशारा दिला होता (वादळाची पट्टी जी१ ते जी५ अशी असते), तसा इशारा २००५ नंतर पहिल्यांदा, आणि प्रत्यक्षात झालं जी५, जे २००३ च्या ऑक्टोबरनंतर झालंच नव्हतं.

आता कामाला लागू.

इशारा आला की पहिलं पान उघडायचं ते सौर वाऱ्याच्या ताज्या मोजणीचं, याच सेंटरच्या साईटवर रिअल टाइम सोलर विंड नावाने मिळतं, फुकट, लॉगिन नाही काही नाही. ही मोजणी होते एल१ नावाच्या जागी, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने साधारण १५ लाख किलोमीटरवर. आपलं आदित्य एल१ सुद्धा तिथेच आहे, २ सप्टेंबर २०२३ ला निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला तिथल्या कक्षेत बसलं. त्यावरची अ‍ॅस्पेक्स आणि पापा ही उपकरणं सौर वाऱ्याचे कण मोजतात, चुंबकमापकही आहे, आणि सूर्याचे अतिनील फोटो काढणारी सूट ही दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने बनवली आहे. आदित्यचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतो, नंतर निवांत अभ्यासाला तो फार छान, पण वादळ चालू असताना मिनिटा-मिनिटाला बघायला मी अमेरिकन पानच वापरतो.

त्या पानावर पाच-सहा रेघा सरकत असतात आणि पहिल्यांदा बघताना काहीच कळत नाही. वेग बघा, एरवी सेकंदाला ३०० ते ४०० किलोमीटर असतो. घनता बघा, एका घन सेंटीमीटरमध्ये पाचेक कण, म्हणजे आपल्या हिशोबाने पोकळीच. पण नजर ठेवायची ती बीझेड नावाच्या रेघेवर. सौर वारा सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येतो, आणि बीझेड सांगतं की त्या क्षेत्राचं तोंड उत्तरेला आहे की दक्षिणेला. पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला आपल्या चुंबकीय रेषा उत्तरेकडे तोंड करून असतात, येणाऱ्या क्षेत्राचं तोंडही उत्तरेला असेल तर तो ढग कितीही जोरात आला तरी बराचसा बाजूने निघून जातो, आणि दक्षिणेला असेल, म्हणजे बीझेड शून्याच्या खाली असेल, तर दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि सौर वाऱ्याची ऊर्जा आत शिरायला लागते. म्हणून वेग ९०० आहे पण बीझेड वर आहे तर फार काही होत नाही, आणि वेग ४५० आहे पण बीझेड तासन् तास खाली पडून आहे तर मोठं काम होतं. माझ्या वहीत पहिल्या पानावर एक जुना ठोकताळा लिहून ठेवलाय, बीझेड उणे १० नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) खाली सलग तीन तास राहिलं तर तीव्र वादळ धरून चालायचं. पाच मिनिटं उणे १५ ला जाऊन परत आलं तर सोडून द्या. मे महिन्यात तर ते उणे ४० च्याही खाली गेलं होतं.

एल१ वर बदल दिसला की तो आपल्यापर्यंत कधी येणार हे काढणं सोपं, १५ लाखाला वेगाने भागायचं. वेग ५०० असेल तर ३,००० सेकंद म्हणजे ५० मिनिटं, ७५० असेल तर ३३ मिनिटं. एवढीच आगाऊ सूचना मिळते, अर्धा-पाऊण तास, तेवढ्यात चहा करून घ्या. आणि सगळ्या वेळा यूटीसी या जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे, हे विसरून मी एकदा अख्खी रात्र चुकीच्या वेळी जागा राहिलोय.

१० मे ला आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री दहाच्या थोडं पुढे एल१ वर वेग साडेचारशेच्या आसपासून एकदम सातशेच्या दिशेने उसळला, घनता उसळली, आणि साधारण १० वाजून ३५ मिनिटांनी तो धक्का पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला लागला. पहाटे साडेचारच्या सुमारास जी५ जाहीर झालं. सकाळी आठच्या आसपास, जेव्हा आपल्याकडे लोक पोहे खात होते, तेव्हा वादळ तळाला होतं.

तळ कशाचा? हे पुढचं पान. जपानमधलं क्योटो विद्यापीठ डीएसटी नावाचा आकडा काढतं, दर तासाचा. वादळात पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचं एक कडं तयार होतं, आणि ते विषुववृत्ताच्या आसपासचं जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र कमी करतं, ते किती कमी झालं ते हा आकडा सांगतो. आधी धक्क्याने क्षेत्र दाबलं जातं म्हणून रेघ वर उडी मारते, मग घसरायला लागते. उणे ५० म्हणजे मध्यम, उणे १०० च्या खाली तीव्र, आणि मे २०२४ मध्ये ते उणे ४०० पर्यंत गेलं. बातम्यांत केपी नावाचा दुसरा आकडा असतो, ० ते ९, केपी ५ म्हणजे जी१ आणि ९ म्हणजे जी५, तो वापरा पण त्यावर थांबू नका, तो तीन तासांचा आणि मुख्यतः वरच्या अक्षांशांवरच्या वेधशाळांचा आहे. आपल्यासारख्या खालच्या अक्षांशावर राहणाऱ्यांना डीएसटी जास्त बोलतो.

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. आजवरचं सगळ्यात गाजलेलं वादळ १८५९ चं, १ सप्टेंबरला इंग्लंडात कॅरिंग्टन या खगोल अभ्यासकाने सूर्यावर तो स्फोट पाहिला आणि साडेसतरा तासांत ढग पृथ्वीवर होता. त्या वादळाची खालच्या अक्षांशावरची जी नीट मोजणी जगाकडे आहे ती मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची. २ सप्टेंबरला तिथले लोक दुर्बिणीतून चुंबकाचा काटा डोळ्यांनी वाचत होते आणि वहीत उतरवत होते, आणि त्यांच्या वहीत आडवं क्षेत्र साधारण १,६०० नॅनोटेस्लाने कोसळलेलं आहे. तब्बल १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून ते वादळ किती मोठं होतं याचा हिशोब मांडला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. तिथली इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे आणि मोजणी आजही चालू आहे. समुद्रावर फिरायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की इथल्या वहीत सूर्याची शंभराहून जास्त वर्षांची नोंद आहे? मला याचा फार अभिमान वाटतो.

घरी चुंबकाने बघता येईल का, हा प्रश्न नक्की येतो. मोबाईलच्या कंपासवर नाही. आपल्याकडे आडवं क्षेत्र साधारण ३८,००० नॅनोटेस्ला आहे, त्यात ४०० चा फरक म्हणजे एक टक्का, शेजारून स्कूटर गेली तरी फोनमधला आकडा त्याहून जास्त हलतो. बरणीत दोऱ्याने चुंबक टांगून त्यावर आरसा लावायचा प्रयोग युरोपातले लोक करतात, भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका हलताना बघतात, तो आपल्याकडे जसाच्या तसा केला तर हिरमोड होतो. कारण तिकडे वादळात क्षेत्राची दिशा बदलते, म्हणून चुंबक वळतो. आपल्याकडे दिशा जवळपास तीच राहते, जोर कमी होतो, आणि उत्तरेकडे तोंड करून टांगलेल्या चुंबकाला जोर कमी झालेला कळतच नाही. त्यासाठी दोऱ्याला पीळ देऊन चुंबक पूर्व-पश्चिम आडवा धरावा लागतो, मग क्षेत्र कमी झालं की पीळ जिंकतो आणि चुंबक वळतो. जुन्या वेधशाळांची यंत्रं याच तत्त्वावर होती. शाळेच्या प्रोजेक्टला भारी आहे, पण बंद खोली, वारा नको, जवळ लोखंड नको, आणि तापमानाने दोरा ढिला-घट्ट होतो तेवढं सांभाळा.

आता खरा विषय, वरची हवा.

साधारण ९० किलोमीटरच्या वर जे आहे ते थर्मोस्फिअर, हवा इतकी विरळ की आपल्याला पोकळीच वाटेल, पण सॅटेलाइटसाठी ती हवाच. वादळात ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात, शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर, लाखो अँपिअरचे प्रवाह वाहतात. विद्युतभारित कण त्यांच्या नादाने धावतात आणि साध्या हवेच्या रेणूंवर आदळतात, आणि शेगडीची तार तापते तशी हवा तापते. खालून तापलं की वरचं फुगतं, दूध उतू जातं ना अगदी तसं, खालची दाट हवा वर चढते आणि ३००-४०० किलोमीटरवर जिथे आधी विरळ होतं तिथे घनता दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होते. आणि हे ध्रुवांपुरतं राहत नाही, तिथून हवेच्या मोठ्या लाटा दोन्हीकडून विषुववृत्ताकडे निघतात, सेकंदाला कित्येक शे मीटर वेगाने, आणि तीन-चार तासांत आपल्या डोक्यावर येतात. म्हणजे बीझेड पडल्यावर लगेच आपल्याकडे हवा फुगत नाही, थोडा दम धरावा लागतो.

याचा फटका किती बसतो ते फेब्रुवारी २०२२ ला कळलं. ३ तारखेला ४९ स्टारलिंक सॅटेलाइट सोडले, सुरुवातीला २१० किलोमीटरवर, दुसऱ्या दिवशी वादळ आलं, तेही किरकोळ, जी१ दर्जाचं. पण त्या उंचीवर हवेची ओढ आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढली आणि ३८ सॅटेलाइट वर जाऊच शकले नाहीत, खाली येऊन जळून गेले.

हे तुम्ही स्वतः बघू शकता, आणि मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. सेलेसट्रॅक नावाच्या साईटवर प्रत्येक सॅटेलाइटच्या कक्षेचे आकडे दोन ओळींत मिळतात, त्याला टीएलई म्हणतात. दुसऱ्या ओळीत शेवटाकडे दिवसाला किती फेऱ्या होतात तो आकडा असतो, आठ दशांश स्थळांपर्यंत, ५०० किलोमीटरवरच्या वस्तूला साधारण १५.२. निवडताना ४०० ते ५०० किलोमीटरवरची मेलेली वस्तू निवडा, जुन्या रॉकेटचा टप्पा वगैरे. इंटरनॅशनल स्पेस स्टेशन घेऊ नका, त्याला अधूनमधून इंजिन लावून वर ढकलतात, सगळा हिशोब बिघडतो. वादळाच्या आधी चार दिवस रोजचा आकडा वहीत लिहा, वादळात लिहा, नंतर चार दिवस लिहा, आणि रोज किती वाढला ते वजा करून काढा. हो, वाढतो, हवेने अडवलं तरी फेऱ्या वाढतात, कारण अडलेली वस्तू खाली घसरते आणि खालची कक्षा लहान आणि जास्त वेगाची असते. वादळाच्या दिवशी ही रोजची वाढ एरवीपेक्षा ठळक जास्त दिसते. एका वहीच्या पानावर, पेनाने, पृथ्वीची हवा फुगलेली दिसते, मी पहिल्यांदा काढलं तेव्हा बायकोला झोपेतून उठवून दाखवलं होतं. मग दोन-तीन दिवसांत वाढ परत कमी होते, कधी आधीपेक्षाही कमी, कारण तापलेल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर फेकतो, हवा पटकन थंड होते, क्वचित गरजेपेक्षा जास्त.

दुसरा भाग आयनोस्फिअर, म्हणजे त्याच हवेतला विद्युतभारित हिस्सा, आणि आमच्या पोटापाण्याचा प्रश्न इथे आहे. सॅटेलाइटचा सिग्नल यातून येताना उशीर होतो. वाटेत इलेक्ट्रॉन किती याला टीईसी म्हणतात, त्याचं एक युनिट वाढलं की जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीवर १६ सेंटिमीटरची चूक, १०० युनिट म्हणजे १६ मीटर. आणि भारताची गंमत अशी की आपण जगातल्या सगळ्यात अवघड पट्ट्यात आहोत. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणूनच १९६३ मध्ये पहिलं रॉकेट थुंब्याहून उडवलं. तिथे दिवसा इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना खाली उतरतात, उत्तरेकडचा ढीग पडतो अहमदाबाद-भोपाळच्या आसपास. आपला महाराष्ट्र या ढिगाच्या उतारावर, त्यामुळे कोल्हापूरचं आणि जळगावचं टीईसी एकाच वेळी बरंच वेगळं असू शकतं. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनाही कमी फ्रिक्वेन्सीवर बघताना हाच थर निस्तरावा लागतो.

वादळात काय होतं तर सौर वाऱ्यातलं विद्युतक्षेत्र काही मिनिटांत थेट विषुववृत्तापर्यंत पोचतं, आणि त्या वेळी तुमच्याकडे दिवस असेल तर कारंजं एकदम जोरात उडतं, रात्र असेल तर उलट दाबलं जातं. मग काही तासांनी तापलेल्या हवेचे वारे येतात आणि सगळं परत बदलतात. म्हणून एकाच वादळात अमेरिकेला वेगळा अनुभव, आपल्याला वेगळा. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या विमानांना जीपीएसवरून उंची सांगणारी यंत्रणा २९ तारखेला १५ तास आणि ३० ला ११ तास वापरता येत नव्हती. मे २०२४ मध्ये तिकडे पेरणीचा हंगाम होता, ट्रॅक्टर सेंटीमीटरच्या अचूकतेने चालवणारी जीपीएस बिघडली आणि बऱ्याच शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली.

बघायचं कसं? जर्मनीच्या डीएलआर या अवकाश संस्थेच्या साईटवर आणि त्याच अमेरिकन सेंटरच्या साईटवर टीईसीचे जागतिक नकाशे असतात, भारतावर बोट ठेवा, आज दुपारी दोन-तीनला किती आहे आणि काल त्याच वेळी किती होतं ते ताडून बघा. रोजची चढउतार असतेच, दुपारी जास्त पहाटे कमी, म्हणून सकाळची तुलना दुपारशी करू नका. फोनवरही थोडं बघता येतं, जीपीएसटेस्टसारखं अ‍ॅप टाकून फोन गच्चीवर मोकळ्या जागी ठेवा आणि सिग्नलच्या दांड्या बघा. आयनोस्फिअर खवळलं की काही सॅटेलाइटच्या दांड्या एकदम खाली-वर नाचायला लागतात, बहुतेक वेळा दक्षिणेकडच्या. पण इमारतीवरून परावर्तन होऊनही असंच दिसतं, मग ओळखायचं कसं? जीपीएसचे सॅटेलाइट रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतात. आदल्या रात्री ८ वाजता जे दिसलं त्याची आजच्या ७:५६ शी तुलना करा. तोच सॅटेलाइट, तीच दिशा, तसाच नाच, तर दोष बिल्डिंगचा. काल शांत होता आणि आज नाचतोय, तर वरचं बघा.

माझ्या मार्चमधल्या त्रासाचं मात्र वेगळं कारण निघालं, आणि हे सर्व्हेवाल्यांनी नीट वाचा. सूर्यास्तानंतर सात ते मध्यरात्रीपर्यंत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आयनोस्फिअरमध्ये कमी घनतेचे बुडबुडे खालून वर चढतात, सिग्नल त्यातून लुकलुकत येतो. त्याला वादळ लागत नाही, सूर्य जोरात असला की रोजच होतं. वादळाचा जोर नेमका आपल्या संध्याकाळी आला तर हे बुडबुडे आणखी मोठे होतात, उशिरा रात्री आला तर कधी दबतात आणि कधी पहाटे उगवतात. म्हणून फ्लोट दिसला की लगेच सौर वादळाला बोल लावू नका, आधी घड्याळ आणि महिना बघा, मग डीएसटी. काम असं लावा की या महिन्यांत महत्त्वाचे पॉइंट सकाळी संपतील, कारण तेव्हा टीईसी कमी आणि शांत असतं. लांबच्या नेटवर्कवर अवलंबून राहण्यापेक्षा आपला बेस चार-पाच किलोमीटरच्या आत लावा, म्हणजे बेस आणि रोव्हर दोघांच्या वरचं आयनोस्फिअर जवळपास एकच राहतं. एल५ ही जीपीएसची आणखी एक फ्रिक्वेन्सी पकडणारा रिसीव्हर असेल तर चालू ठेवा, दोन-तीन फ्रिक्वेन्सी असल्या की उशीर वजा करता येतो. आणि वादळात घेतलेला प्रत्येक पॉइंट दुसऱ्या दिवशी परत घ्या, कारण फिक्स दाखवूनही चुकलेला पॉइंट मी बघितलाय, आणि बांधावरून दोन भाऊ भांडत असतात तेव्हा वीस सेंटिमीटर कमी नसतात.

शॉर्टवेव्ह रेडिओ असेल, किंवा नेटवरून ऐकता येणारा एसडीआर (कॉम्प्युटरवर चालणारा रेडिओ) रिसीव्हर, तर चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर ऐका, ठराविक वेळी किती स्पष्ट येतं ते रोज लिहा. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मित्रांचा अनुभव असा की वादळात युरोप-अमेरिकेकडच्या वरच्या अक्षांशातून जाणाऱ्या वाटा आधी मरतात आणि एक-दोन दिवस मेलेल्याच राहतात, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेकडच्या वाटा बऱ्याचदा टिकतात. कारण तिकडे वर, तापून फुगलेली हवा नायट्रोजन घेऊन चढते आणि इलेक्ट्रॉन भराभर संपतात.

ऑरोराचं, म्हणजे त्या फोटोतल्या रंगीत आकाशाचं, राहिलं. लाल रंग येतो २०० किलोमीटरच्या वरच्या ऑक्सिजनमधून, हिरवा शंभर-दीडशेच्या आसपासच्या, म्हणून लांबून दिसतो तो लालच. ४०० किलोमीटर उंचीवरची लाली क्षितिजावर जास्तीत जास्त २,२०० किलोमीटरवरून दिसू शकते. ११ मे ला मध्यरात्रीनंतर लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यात उत्तर क्षितिजावर लाल उजेड आला तो असाच, कितीतरी उत्तरेकडचा. पुण्याहून हाच हिशोब केला तर लाली काशगरच्या अलीकडे यायला हवी, आणि तेव्हाही ती क्षितिजाला टेकलेली, आपल्या धुरळ्यात आणि दिव्यांत हरवलेली. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईतून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे, तेव्हा अशक्य म्हणत नाही, पण मे २०२४ एवढ्या वादळालाही ते जमलं नाही हे लक्षात ठेवा.

आणि ते मेसेज, आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद ठेवा, किरण येणार आहेत. जमिनीवरच्या माणसाला या वादळाने इजा होत नाही, वर एवढी हवा आहे. उलट त्या रात्री फोन चालूच ठेवा, जीपीएसचं अ‍ॅप उघडून गच्चीवर ठेवा, स्क्रीन रेकॉर्डिंग लावा आणि झोपा, आणि पुढचे चार दिवस रोज सकाळी टीएलईचा आकडा वहीत लिहायचा चुकवू नका.